तेल पिणारी गाडी

खानापूर तालुक्यातील एका गावाहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पत्र आले आहे. मागे ह्या सदरात आम्ही विहिरीवरील पंपाच्या इंजिनाविषयी चार शब्द लिहिले होते. ते वाचून आम्हांस मोटारीतलेही काही कळत असावे असा त्यांचा समज झालेला दिसतो. त्यांचे थोरले चिरंजीव इंग्लंडात एका गोदामात नोकरीस आहेत. दोन वर्षे पोटाला चिमटा घेऊन साठविलेल्या पैशांतून त्यांनी गेल्या साली एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. गाडी जपानी, माझदा कंपनीची, आरएक्स-८ नावाची, २००६ साली बनलेली. आता चिरंजीव कळवितात की गाडी हजाराला लिटरभर इंजिन-ऑइल पिते. कामावरच्या सोबत्यांनी इंजिन संपले म्हणून निकाल दिला आहे. ज्याने गाडी विकली तो ती एक-तृतीयांश किंमतीत परत घ्यावयास तयार आहे, पण महिनाअखेरपर्यंतच. वडिलांनी रागाच्या भरात फोनवर दोन शब्द अधिक बोलून टाकले, आणि तेव्हापासून मुलाचा फोन नाही. "फादर, तेल पिणारे इंजिन म्हणजे मेलेले इंजिन, हे मी पंपावर तीस वर्षे पाहत आलो आहे. मुलगा फसला की नाही एवढेच सांगा," असे ते लिहितात.

पत्राचे उत्तर आम्ही टपालाने धाडले आहेच. परंतु परमुलखात जुन्या गाड्या घेणारी मुले एकट्या खानापुरात नाहीत, गोव्याकडील कित्येक घरांतली मुले तर आज इंग्लंडातच आहेत. शिवाय ज्यांच्या घरी केवळ एक मोटारसायकल आहे त्यांनाही ह्यातले पुष्कळसे लागू पडेल. म्हणून तोच मजकूर थोडा विस्ताराने येथे देत आहोत.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वडिलांचा नियम खोटा नाही. आपण जी इंजिने पाहतो, पंपाचे असो, ट्रॅक्टरचे असो वा जीपगाडीचे, त्यांत पिस्टन खालीवर होतो. खालच्या तेलटाकीतले वंगण उडून सिलिंडरच्या भिंतीला लागते, आणि पिस्टनला बसविलेल्या रिंगा ते खरवडून पुन्हा खाली लोटतात. तेल भिंतीला ओलावा देण्यापुरते राहते, बाकीचे आपल्या घरी परत जाते. रिंगा झिजल्या, काजळीने चिकटून बसल्या, किंवा भिंतीला ओरखडे पडले, की हे परत लोटण्याचे काम ढिले पडते; मग तेल वर जाते आणि पेट्रोलबरोबर जळते. दुसरी वाट वरून. व्हॉल्व्हच्या दांड्याला रबराचे छोटे टोपण असते, ते वयोमानाने कडक झाले की तेल थेंबाथेंबाने आत उतरते. तिसरी वाट अगदी साधी, म्हणजे गळती. आणि गंमत अशी की महागडी चिकित्सा सुरू झाल्यावर हीच वाट पाहायची राहून जाते. रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा टाकावा, सकाळी काय ते दिसते.

धूर पाहूनही बरेच कळते. निळसर धूर तेलाचा, काळा धूर पेट्रोल वा डिझेल अति झाल्याचा, आणि थंडीतल्या सकाळी निघणारी पांढरी वाफ ही बहुधा नुसती वाफच. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एक भपका येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या टोपणांवर घ्यावा. चढावर जोर देताना धूर येत राहिला तर रिंगांवर. जाणता मेकॅनिक झाकण उघडण्यापूर्वी हे विचारतो. जो विचारीत नाही त्याच्याकडे इंजिन खोलावयास देऊ नये.

तथापि पिस्टनच्या इंजिनातसुद्धा थोडेफार तेल खर्ची पडतेच. जोराने चालणाऱ्या गाडीत अधिकच. पोर्शे कंपनीच्या ९११ जातीच्या काही गाड्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला दीड लिटरपर्यंतचा खर्च चालण्याजोगा म्हणून छापलेला आहे. उलट टोयोटाच्या एमआर-२ ह्या लहान स्पोर्ट्स कारची तिसरी पिढी, जी १९९९ ते २००७ पर्यंत बनत होती, तिच्या सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनवरची तेल परत जाण्याची भोके लहान होती. ती काजळीने बुजत, आणि मग गाडी तेल पिऊ लागे. तो मात्र रोगच होता, आणि पुढे कंपनीने पिस्टनच्या रचनेत बदल केला. लक्षण एकच, परंतु एका गाडीत ते स्वभाव आणि दुसरीत दुखणे. कोणती गाडी, हे विचारल्यावाचून तेलाविषयी मत देणे म्हणजे रोगी न पाहता औषध देणे होय. कामावरच्या सोबत्यांनी नेमके हेच केले.

आता आरएक्स-८ कडे वळू. ह्या गाडीत पिस्टन नाहीतच.

ज्या जर्मन गृहस्थाच्या डोक्यातून हे इंजिन निघाले त्याचे नाव फेलिक्स वांकेल. एनएसयू ह्या जर्मन कारखान्यात १९५७ साली त्याचा पहिला नमुना चालला. रचना डोळ्यांपुढे आणावयाची तर दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग घ्या, कमरेशी किंचित आवळलेली. तिच्या आतल्या पोकळीएवढे इंजिनाचे घर. त्या घरात फुगीर बाजूंचा एक तिकोनी लोखंडी गोळा फिरतो, आणि त्याची तिन्ही टोके सदैव घराच्या भिंतीला घासत जातात. गोळा आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात, फिरता फिरता ते लहानमोठे होतात. त्यांतच हवा व पेट्रोल शिरते, दाबले जाते, पेट घेते आणि बाहेर जाते. खालीवर होणारे काही नाही, म्हणून हादरा कमी. व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून खटखट नाही. गोळ्याचा एक फेरा होईतो मधला दांडा तीन फेरे घेतो. आरएक्स-८ मध्ये असे दोन गोळे आहेत, प्रत्येकाच्या कप्प्याचे माप ६५४ घनसेंटिमीटर. म्हणजे सारे इंजिन १३०० च्या आतबाहेर, आणि तरी त्यातल्या वरच्या प्रतीच्या गाडीचे इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत चढते. तरुण माणसाला त्याची भुरळ पडली तर आम्हांस नवल वाटत नाही.

परंतु ह्या इंजिनाचे सगळे मर्म त्या तीन टोकांत आहे. प्रत्येक टोकाला खाचेत एक बारीक धातूची पट्टी बसविलेली असते, ती स्प्रिंगने भिंतीशी दाबलेली राहते आणि एका कप्प्यातला वायू दुसऱ्यात जाऊ देत नाही. ही पट्टी झिजली की इंजिनाचा दम गेला. पिस्टनच्या इंजिनात भिंतीला खालून तेल उडते. येथे खाली असे काही नाहीच, सगळीकडे जळणारा कप्पाच आहे. मग पट्टीला ओलावा कोठून मिळावा? एनएसयूने १९६७ साली रो-८० नावाची मोठी सुंदर गाडी काढली, तीत ह्या पट्ट्या इतक्या लवकर झिजत की कंपनीला इंजिनामागून इंजिने बदलून द्यावी लागली. रस्त्यात दोन रो-८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना बोटे दाखवून आपले कितवे इंजिन ते सांगत, असे म्हणतात. कंपनी खचली, आणि १९६९ साली दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

जपानातल्या हिरोशिमा येथील माझदाने, तेव्हा तिचे नाव टोयो कोग्यो होते, १९६१ साली हे इंजिन बनविण्याचा परवाना घेतला होता. तिच्याही पहिल्या इंजिनांच्या भिंतींवर पट्ट्या थरथरत गेल्याने ओळीने ओरखडे उमटत. तेथल्या अभियंत्यांनी त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा असे नाव दिले होते; आमच्यासारख्यास ते नाव विशेष लक्षात राहावे यात आश्चर्य नाही. केनइची यामामोतो ह्या प्रमुखाच्या हाताखाली सत्तेचाळीस अभियंते त्या ओरखड्यांच्या मागे लागले. शेवटी कार्बन व अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाच्या पट्ट्या करून १९६७ साली त्यांनी कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आणली. पुढे आरएक्स-७ आली, १९९१ साली फ्रान्समधील ले मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदाने ह्याच जातीच्या इंजिनावर जिंकली, आणि २००३ साली आपली ही आरएक्स-८ निघाली. २०१२ साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक आरएक्स-८ ही जुनीच गाडी समजावी, तिला नव्या गाडीचे नियम लावू नयेत.

तर मग ओलाव्याचे काय केले? जे केले ते आपल्या खेड्यातल्या माणसाला चटकन समजेल असे आहे. टू-स्ट्रोकची जुनी बजाज चेतक ज्यांनी चालविली त्यांना आठवत असेल, पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मोजून घालावे लागे. ते तेल पेट्रोलसंगे आत जाई, अंगाला लागून काम करी आणि जळून सायलेन्सरमधून निघून जाई. ते परत येत नसे, आणि परत यावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. आरएक्स-८ मध्ये हीच युक्ती यंत्राने केली आहे. इंजिनाच्या तेलटाकीतूनच एक लहानसा पंप मोजके तेल उचलतो आणि बारीक नळ्यांवाटे त्या कप्प्यांत सोडतो. ते पट्ट्यांना लागते, भिंतीला लागते आणि जळते. गाडी तेल पिते कारण बनविणाऱ्याने तिला तेल पाजले आहे!

एवढे समजले म्हणजे पत्रलेखकांचा नियम ह्या गाडीपुरता उलटा फिरवावा लागतो हे ध्यानात येईल. ह्या गाडीचे तेल कमी होत असेल तर भिण्याचे कारण नाही, किती होते एवढेच पाहावयाचे. परंतु महिनोन्महिने चालवूनही तेलाची खूण हलली नाही, तर मात्र मेकॅनिककडे जावे, कारण तो लहान पंप किंवा त्याच्या नळ्या काम करीत नसाव्यात आणि आतल्या पट्ट्या कोरड्या घासत असाव्यात. मालक मात्र मनात खूष असतो, की आपली गाडी काटकसरी निघाली.

आता प्रमाणाचा प्रश्न. पुष्कळ मालकांच्या अनुभवास येणारे मान दीड ते अडीच हजार किलोमीटरला लिटरभर असे आहे. जोराने चालविणाऱ्याचे थोडे अधिक. चिरंजीवांचा आकडा हजाराला एक लिटर. वडिलांनी हजार म्हणजे हजार किलोमीटर धरले, आणि ते धरणे साहजिकच होते. परंतु पत्रासोबत मुलाच्या मजकुराची जी प्रत होती तिच्यात मैल लिहिलेले आहेत. इंग्लंडातल्या गाडीचे मीटर मैल दाखविते. हजार मैल म्हणजे १६०० किलोमीटरांहून थोडे अधिक. तेव्हा ज्या आकड्यावरून घरात एवढे वादळ झाले तो ह्या गाडीचा अगदी नित्याचा आकडा आहे. तेलापुरते बोलायचे तर मुलगा फसलेला नाही.

तथापि "तेलापुरते" हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. तेल ठीक म्हणून इंजिन ठीक, असे ह्या गाडीत होत नाही. पट्ट्यांचा दम अजून किती उरला आहे ते तेलाच्या खुणेवरून कळत नाही. ते दाब मोजूनच कळते. आणि तो दाब साध्या गॅरेजातल्या मीटरने मोजता येत नाही. पिस्टनच्या इंजिनासाठी केलेले मीटर तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्याचाच आकडा दाखविते आणि वाईट दोन त्याच्या आड लपतात. फिरत्या इंजिनासाठी वेगळे यंत्र असते, ते प्रत्येक गोळ्याचे तीन, असे एकंदर सहा आकडे देते. ते यंत्र बाळगणाऱ्या माणसाकडेच गाडी न्यावी, लांब जावे लागले तरी जावे. घरच्या घरी एक खूण पाहता येते. थंड इंजिन बिनबोभाट सुरू होते, पण तापल्यावर बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरविली की स्टार्टर नुसता रडत राहतो. असे होत असेल तर दाब उतरला असल्याची दाट शंका घ्यावी. स्टार्टर वा बॅटरी मंद असली तरीही असे होते, म्हणून आधी त्यांची खात्री करून घ्यावी.

ह्या गाडीत इंजिन निकामी होण्याचे प्रकार पुष्कळ झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. अमेरिकेत तर कंपनीने इंजिनाच्या गाभ्याची हमी ८ वर्षे किंवा १,००,००० मैल इतकी वाढवून दिली होती. ती मुदत आता कधीच सरली. आज इंजिन पुन्हा बांधून घ्यावयाचे तर खर्च गाडीच्या किंमतीवरही जाऊ शकतो. म्हणूनच आमचा सल्ला असा की महिनाअखेरची मुदत दाखविणाऱ्याला गाडी घाईने परत देऊ नये, आणि तिच्यावर घाईने खर्चही करू नये. प्रथम ते सहा आकडे हाती घ्यावेत. आकडे चांगले आले तर जो मनुष्य एक-तृतीयांश किंमत देऊ करतो त्याला गाडीची खरी योग्यता ठाऊक आहे असे समजावे. आकडे वाईट आले तर गाडी विकावी, परंतु घेणाऱ्याच्या हातात ते आकडे ठेवून विकावी. इंग्लंडात तीन वर्षांहून जुन्या गाड्यांची दरसाल एमओटी नावाची सरकारी तपासणी होते, आणि तिचा दाखला पाहून लोक निर्धास्त होतात. त्या तपासणीत ब्रेक, दिवे, टायर, धूर हे सारे पाहतात. इंजिनाची आतली प्रकृती पाहत नाहीत. नवा दाखला आणि मेलेले इंजिन ही जोडी एकाच गाडीत सुखाने नांदू शकते.

राहता राहिली रोजची निगा. तिच्यात पहिला मान डिपस्टिकचा. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन तापवून बंद करावे, तेल खाली उतरावयास पाच मिनिटे द्यावी. पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग काढून पाहावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर भरवसा ठेवू नये. चढावर उभी करून आज पाहिले आणि उतारावर उद्या, तर दोन आकडे जुळणार नाहीत. म्हणून जागा एकच ठरवून ठेवावी. पाहावे किती वेळा? ह्या गाडीत एका आड एक पेट्रोल भरताना. तेलाचा तांबडा दिवा लागेल तेव्हा पाहू, असे म्हणणाऱ्याने तो दिवा कसला हे समजून घ्यावे. बहुतेक गाड्यांत तो तेलाचा दाब पडल्याचा असतो, आणि दाब पडला म्हणजे नुकसान सुरू झालेले असते.

दुसरा मान वहीचा. एक साधी दोन आण्यांची वही (आता दोन आण्यांची मिळत नाही, पण बोलण्याची सवय जात नाही) गाडीत ठेवावी. समजा, मीटरवर ५२,४०० मैल असताना अर्धा लिटर घालून खूण वर आणली. पुन्हा तेवढीच उतरली आणि अर्धा लिटर घातले तेव्हा मीटर ५२,९५० वर होते. म्हणजे साडेपाचशे मैलांना अर्धा लिटर, अकराशे मैलांना एक. असे चार-पाच हिशेब झाले की गाडीचा स्वभाव कळतो. त्यानंतर एखाद्या महिन्यात आकडा एकाएकी दुप्पट झाला तर काही बिघडले हे वही सांगते, निळा धूर दिसण्याच्या कितीतरी आधी. ज्याच्याकडे वही नाही तो आठवणीवर बोलतो, आणि गाडीच्या बाबतीत माणसाची आठवण नेहमी त्या दिवशीच्या रागालोभाप्रमाणे बदलते. पंपाच्या इंजिनालाही ही वही तितकीच लागू आहे. पत्रलेखकांनी ती आपल्या विहिरीवर सुरू करावी अशी आमची सूचना आहे.

अधिक तेल घालणे हेही वाईटच. वरच्या खुणेच्या पलीकडे गेलेले तेल श्वासनळीवाटे हवेच्या मार्गात जाते आणि तेथे नको ती घाण करते.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. गाडी तेल पितेच आहे, आपण नवे घालतोच आहोत, तेव्हा तेल आपोआप बदलतेच, निराळे सर्व्हिसिंग कशाला? हे बरोबर नव्हे. जळून जाते ते तेल. जळण्याने झालेली काजळी, तेलात मिसळलेले पेट्रोल, आम्ल, बारीक धातूचा चुरा हे सारे टाकीतच राहतात. पखालीत रोज नवे पाणी ओतले तरी तळचा गाळ जात नाही, तसेच हे. जाणते मालक ह्या गाडीचे सगळे तेल तीन ते पाच हजार मैलांना उतरवितात व फिल्टर बदलतात, आणि आम्हांस ते योग्य वाटते. जेथे इंजिनाचेच तेल कप्प्यात जाऊन जळायचे आहे तेथे ते घाण असून कसे चालेल? कित्येक मालक ह्याहून पुढे जाऊन पेट्रोलमध्ये थोडे टू-स्ट्रोकचे तेल मिसळतात, कारण ते जळण्यासाठीच केलेले असते आणि मागे राख कमी ठेवते. कोणी करीत असेल तर करो, परंतु मोजून करो. जास्त घातले की जास्त बरे, हा न्याय औषधालाही लागू नाही. आणि ते घातले म्हणून डिपस्टिक पाहणे सुटत नाही.

प्लग आणि कॉइल यांकडेही लक्ष हवे. ह्या गाडीला चार प्लग आहेत, एकेका गोळ्याला दोन दोन. कॉइल थकली की ठिणगी दुबळी होते, पेट्रोल अर्धवट जळते आणि बाकीचे धुराच्या नळीतल्या जाळीत जाऊन पेटते. जाळी वितळून बुजते, धूर तुंबतो, इंजिन तापते. दोनतीन हजार रुपयांच्या वस्तूपायी लाखाचे नुकसान होते ते असे. पाणीही पाहत राहावे. ह्या इंजिनाची घरे एकमेकांशी चळतीप्रमाणे रचून आवळलेली असतात, त्यांच्यामध्ये पाण्यासाठी रबरी कड्या आहेत, आणि एकदा इंजिन भडकून तापले की त्या कड्या गेल्याच.

हिवाळ्यात तेल घालण्याच्या तोंडाशी, झाकणाच्या आतून, दुधाच्या सायीसारखा पांढरट लगदा दिसेल. ते पाहून इंग्लंडातल्या कोणत्याही मेकॅनिकचा चेहरा गंभीर होईल, कारण इतर गाड्यांत तो पाणी तेलात शिरल्याचा पुरावा मानतात. ह्या गाडीची तेल घालण्याची नळी लांब आहे, ती थंड राहते, आणि आतली वाफ तिच्यात गोठून असा लगदा होतो. फडक्याने पुसून टाकावा. पाण्याची पातळीही उतरत असेल तर मात्र तो गंभीर चेहरा खरा.

शेवटी एक गोष्ट, जी ह्या गाडीच्या बहुतेक नव्या मालकांना एकदा तरी रस्त्यात उभे करते. थंड इंजिन सुरू करून गाडी दारातून चार हात पुढे घ्यावयाची आणि लगेच बंद करावयाची, असे कधीही करू नये. थंड असताना इंजिन पेट्रोल सढळ हाताने घेते. ते पुरते जळण्यापूर्वी बंद केले की उरलेले पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन टाकते, पट्ट्यांची पकड सुटते, आणि पुढल्या वेळी किल्ली कितीही फिरविली तरी गाडी दम धरीत नाही. सुरू केलीच तर काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत चालू द्यावी, बंद करण्यापूर्वी आठ-दहा सेकंद थोडा वेग द्यावा, मग किल्ली काढावी. आणि डिकीत नेहमी त्याच प्रतीच्या तेलाचा लिटरचा डबा, एक नरसाळे व एक जुने सुती फडके असावे. नरसाळे कसलेही चालेल. फडके मात्र धागे सुटणारे नको.